घरगुती संगणकातील हेर-आज्ञावलीचा शोध : पद्धती, पुरावा आणि कायदा यांची चिकित्सा

प्रस्तावना

घरगुती संगणक हे आता केवळ टंकलेखनाचे किंवा करमणुकीचे साधन राहिलेले नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या आणि गोदामांच्या शहरात एकाच घरातील एकाच संगणकावर सुताच्या खरेदीचा हिशेब, वाहतूकदाराची बिल्टी, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, बँकेचा व्यवहार, मुलांचे प्रकल्प आणि कुटुंबाची छायाचित्रे एकत्र नांदतात. महाविद्यालयीन अध्यापकाच्या संगणकावर प्रश्नपत्रिकेचा मसुदा, संशोधनाची टिपणे आणि खाजगी पत्रव्यवहार असतो. एका व्यक्तीचे किंवा कुटुंबाचे सारे दप्तरच या यंत्रात साठलेले असते. अशा दप्तरात मालकाच्या नकळत दुसऱ्या कोणाचा हात फिरत असेल, तर तो ओळखावा कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर तांत्रिक स्वरूपाचे असते : विषाणूरोधक आज्ञावली बसवावी, ती नियमित अद्ययावत करावी, संशयास्पद दुवे उघडू नयेत. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. त्यात असे गृहीत धरलेले असते की, संगणकाला विचारले असता तो स्वतःविषयी खरी माहिती देतो. हेर-आज्ञावली नेमके हेच गृहीतक मोडते. म्हणून तिचा शोध हा साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा, पर्यायाने पुराव्याच्या परीक्षणाचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्रातील एल्गार परिषद प्रकरणात जप्त झालेल्या संगणकांच्या परीक्षणाने हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात पुढे आणला. त्या परीक्षणाच्या आधारे शोधाच्या पद्धती, 'आढळले नाही' या विधानाचा अर्थ आणि पुराव्याच्या कायद्याची भाषा यांची चिकित्सा येथे केली आहे. त्या खटल्यातील आरोपांच्या सत्यासत्यतेचा निवाडा करणे हा लेखाचा हेतू नाही. ते काम न्यायालयाचे आहे.

हेर-आज्ञावलीचे स्वरूप

स्पायवेअर या नावाने परिचित असलेल्या आज्ञावलींचे अनेक प्रकार आहेत. काही केवळ जाहिरातदारांसाठी वापरकर्त्याच्या सवयी टिपतात. काही कळफलकावर दाबली जाणारी प्रत्येक कळ नोंदवून सांकेतिक शब्द मिळवतात. सर्वांत गंभीर प्रकार दूरस्थ नियंत्रणाचा होय. यात दूर बसलेल्या व्यक्तीला त्या संगणकावर जवळजवळ मालकाइतकेच अधिकार मिळतात. ती व्यक्ती फाईली वाचू शकते, बाहेर नेऊ शकते, पुसू शकते. आणि, ज्याकडे सामान्यतः लक्ष जात नाही ते म्हणजे, नव्या फाईली आत ठेवू शकते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'हेरगिरी' या शब्दाने केवळ माहिती चोरण्याचा बोध होतो. प्रत्यक्षात ज्या दाराने माहिती बाहेर जाते त्याच दाराने ती आतही येऊ शकते. घरातून वस्तू चोरीस गेली तर मालक फिर्यादी होतो. घरात वस्तू आणून ठेवली गेली तर तोच मालक आरोपी होऊ शकतो. म्हणून हेर-आज्ञावलीचा शोध घेताना 'काय गेले' याबरोबरच 'काय आले' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

अशा आज्ञावली मिळवण्यासाठी मोठी साधनसंपत्ती लागते, हाही एक गैरसमज आहे. येथे ज्या नेटवायर या आज्ञावलीचा उल्लेख येणार आहे, ती २०१२ पासून उघडपणे विकली जात होती. दूरस्थ व्यवस्थापनाचे वैध साधन असे तिचे वर्णन केले जाई. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने तिच्या विक्रीचे संकेतस्थळ ताब्यात घेतले आणि क्रोएशियात तिच्याशी संबंधित संशयितास अटक झाली.

शोधाच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

हेर-आज्ञावली शोधण्याच्या पद्धतींचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात.

पहिली पद्धत ओळखखुणांची. विषाणूरोधक आज्ञावली आपल्याजवळील ज्ञात खुणांच्या यादीशी संगणकावरील फाईली ताडून पाहते. यादीत नसलेली किंवा वेष बदललेली आज्ञावली तिच्या हातून निसटते. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'घोस्टनेट' अहवालात याचे बोलके उदाहरण आहे. १०३ देशांतील १,२९५ संगणकांत शिरलेल्या या हेरगिरीच्या जाळ्याचा माग टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्यांनी तपासलेल्या एका दस्तऐवजात दडलेली घातक आज्ञावली ३४ विषाणूरोधकांपैकी केवळ ११ विषाणूरोधकांनी ओळखली.

दुसरी पद्धत वर्तनाच्या निरीक्षणाची. संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावलींची यादी, त्या वेळी कार्यरत असलेल्या प्रक्रिया आणि इंटरनेटवर जोडलेले बाह्य पत्ते यांची पाहणी तीत केली जाते. घोस्टनेटच्या तपासाचा उगम अशाच निरीक्षणात होता. धरमशाला येथील दलाई लामा यांच्या कार्यालयातील संगणकाची इंटरनेटवरील ये-जा तपासली असता, त्यातून दस्तऐवज बाहेरच्या सर्व्हरकडे जात असल्याचे दिसले. माहिती बाहेर नेताना हेराला दाराशी यावेच लागते, हे या पद्धतीचे बलस्थान होय. मात्र तो येईल त्याच वेळी कोणी पाहत असले पाहिजे, ही तिची मर्यादा आहे.

तिसरी पद्धत तुलनेची. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या ध्वनिचकत्यांबाबत जो शोध जाहीर केला तो या पद्धतीचा आदर्श नमुना आहे. चकतीची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने तीत एक आज्ञावली घातली होती. ती ग्राहकाच्या संगणकात शिरून विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाची प्रत्येक फाईल विंडोज प्रणालीच्या यादीतून दिसेनाशी करी. रसिनोविच यांनी प्रणालीने दिलेली फाईलींची यादी आणि हार्ड डिस्कवरून थेट वाचलेली यादी यांची तुलना केली. डिस्कवर आहे, परंतु प्रणाली सांगत नाही, असे जे उरले, तेच लपवलेले होते. पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या चकत्या परत घ्याव्या लागल्या.

चौथी पद्धत संगणकाबाहेरून करावयाच्या परीक्षणाची. संशयित संगणक चालू न करता त्याच्या हार्ड डिस्कची तंतोतंत प्रत काढली जाते आणि ती दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तपासली जाते. संशयित प्रणाली येथे निद्रिस्त असते. तिला खोटे बोलण्याची संधी मिळत नाही. पुसलेल्या फाईलींचे अवशेष, संगणक सुप्तावस्थेत जाताना मेमरीतून डिस्कवर उतरलेला मजकूर आणि कालनोंदी यांतून घटनाक्रम पुन्हा जुळवता येतो. ही पद्धत सर्वांत विश्वसनीय, परंतु सर्वांत वेळखाऊ आणि खर्चिक आहे.

या चारही पद्धतींतून एक तत्त्व हाती लागते. कोणत्याही एका साक्षीवर विसंबून हेर सापडत नाही. दोन स्वतंत्र साक्षींमधील विसंगती त्याला उघड करते.

ऐतिहासिक कागदपत्रांच्या परीक्षणाशी साम्य

हे तत्त्व मराठी विद्याव्यवहाराला नवे नाही. इतिहासकाराच्या हाती एखादी सनद किंवा महजर आला की, तो अस्सल की बनावट हे ठरवण्यासाठी प्रथम बहिरंग परीक्षण होते : कागद कोणता, मोडीचे वळण कोणत्या काळचे, शिक्का-मोर्तब योग्य जागी आहे काय, कागद कोणाच्या दप्तरात आणि कोणत्या कागदांच्या सोबतीने सापडला. त्यानंतर अंतरंग परीक्षण होते : मायन्याची पद्धत, मिती-वाराचा मेळ, उल्लेखिलेल्या व्यक्ती त्या काळी हयात होत्या काय. एखाद्या घराण्याच्या दप्तरात कागद सापडला एवढ्यावरून तो त्या घराण्याने लिहिला किंवा स्वीकारला, असे कोणताही जाणता संशोधक म्हणत नाही. इनामासाठी बनावट कागद तयार करून दप्तरात मिसळल्याची शक्यता त्याच्या मनात सदैव जागी असते.

इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी अनेकदा गळून पडते. यंत्रात सापडले म्हणजे यंत्राच्या मालकाचे, असा सरळ निष्कर्ष काढला जातो. वास्तविक कागदाला जशी जात असते तशीच फाईललाही असते. ती तपासण्याची साधने तेवढी निराळी आहेत.

एल्गार परिषद प्रकरणातील संगणकांचे परीक्षण

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. या संदर्भात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी अनेक ठिकाणी झडती घेतली. त्यात रोना विल्सन यांचा दिल्लीतील आणि वकील सुरेंद्र गडलिंग यांचा नागपूर येथील संगणक जप्त झाला. ६ जून २०१८ रोजी या दोघांसह पाच जणांना अटक झाली. संगणकांतून मिळालेली पत्रे हा अभियोगाचा महत्त्वाचा आधार होता. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला.

बचाव पक्षाला मिळालेली हार्ड डिस्कची प्रत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने तपासली. विल्सन यांच्या संगणकाविषयीचा तिचा पहिला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रकाशात आला. त्यातील निष्कर्ष असे : १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून आलेल्या संदेशातील दस्तऐवज उघडल्यावर नेटवायर ही आज्ञावली संगणकात बसली, संगणक जप्त होईपर्यंत सुमारे २२ महिने तो हल्लेखोराच्या नियंत्रणाखाली होता, ३ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यात एक फोल्डर निर्माण करून पुढे लपवण्यात आले आणि त्यात १० पत्रे ठेवण्यात आली. त्या फोल्डरमधील शेवटचा बदल १६ एप्रिल २०१८ रोजी दुपारी ४.५० वाजता, म्हणजे झडतीच्या आदल्या दिवशी झाला.

गडलिंग यांच्या संगणकाविषयीच्या अहवालानुसार २९ फेब्रुवारी २०१६ पासून २० महिन्यांहून अधिक काळ त्या संगणकावर त्याच हल्लेखोराचे नियंत्रण होते आणि १४ दस्तऐवज बाहेरून ठेवले गेले. डिसेंबर २०२२ मधील अहवाल स्टॅन स्वामी यांच्या संगणकाविषयी होता. त्यांचा संगणक १२ जून २०१९ रोजी जप्त झाला होता. आदल्या रात्री हल्लेखोराने आपल्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला, असे त्यात नमूद आहे. हा अहवाल येण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, कोठडीत असताना उपचारांदरम्यान मुंबईत स्वामी यांचे निधन झाले होते.

या अहवालांचे महत्त्व निष्कर्षांइतकेच ते ज्या रीतीने काढले त्या रीतीत आहे. पहिली खूण कालविसंगतीची. काही पत्रे वर्ड आज्ञावलीच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीतून पीडीएफ स्वरूपात जतन झाली होती. विल्सन यांच्या संगणकावर मात्र २००७ ची आवृत्ती होती. सतराव्या शतकाच्या मितीच्या सनदेत एकोणिसाव्या शतकातील लेखनवळण सापडावे, त्या जातीची ही खूण आहे. तथापि तिच्यावर अधिक भार टाकता येत नाही. पत्र अन्यत्र तयार होऊन रीतसर ईमेलने येऊ शकते. म्हणून या विसंगतीने 'ते पत्र या संगणकावर तयार झाले नाही' एवढेच सिद्ध होते, 'मालकाला त्याची माहिती नव्हती' हे नव्हे.

दुसरी खूण वापराच्या अभावाची. एखादी फाईल वापरकर्त्याने नेहमीच्या मार्गाने उघडली की विंडोज प्रणाली त्याच्या नोंदी ठिकठिकाणी ठेवते. त्या १० पत्रांच्या किंवा त्यांच्या फोल्डरच्या बाबतीत, ती संगणकावर कधी उघडली गेल्याचा माग सापडला नाही, असे अहवाल सांगतो. अभावावरून काढलेला निष्कर्ष नेहमीच काहीसा दुबळा असतो. परंतु एक-दोन नव्हे तर सर्वच पत्रे इतक्या दीर्घ काळात एकदाही न उघडली जाणे, हा अभावदेखील अर्थपूर्ण ठरतो.

तिसरी खूण प्रक्रियेच्या अवशेषांची. नेटवायरने नोंदवलेल्या कळफलकाच्या नोंदी, तिच्या नियंत्रक सर्व्हरशी झालेल्या संपर्काच्या खुणा आणि फाईली पोचवताना चाललेल्या आज्ञांचे तुकडे हार्ड डिस्कवरून परत मिळवण्यात आले. पहिली खूण संशय उत्पन्न करते, दुसरी तो बळकट करते आणि तिसरी पत्रे आत कशी आली याचा मार्ग दाखवते. तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. अहवालाचे बळ या स्वातंत्र्यात आहे.

मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. आर्सेनलला परीक्षणाचे काम बचाव पक्षाने दिले होते. हल्लेखोर कोण हे तिने सांगितलेले नाही. अहवालाचा खरा कस न्यायालयातील उलटतपासणीतच लागू शकतो. मात्र प्रत तीच असेल तर दुसऱ्या तज्ज्ञालाही तीच पावले टाकून निष्कर्ष पडताळता येतात. म्हणून 'अहवाल कोणी मागवला' या प्रश्नापेक्षा 'तो पुन्हा पडताळता येतो काय' हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

या हल्ल्यांचे स्वरूप एकाकी नव्हते, असे सुचवणारी अन्य निरीक्षणेही उपलब्ध आहेत. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि सिटिझन लॅब यांनी जून २०२० मध्ये नऊ मानवाधिकार कार्यकर्त्यांना २०१९ मध्ये घातक ईमेल पाठवले गेल्याचे उघड केले. त्यांतही नेटवायरचा वापर झाला होता. सेंटिनलवन या कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये किमान २०१२ पासून कार्यरत असलेल्या अशा एका हल्लेखोर गटाचे वर्णन केले. त्यांच्या निरीक्षणानुसार या गटाची साधने अगदी साधी, बाजारात मिळणारी होती. हेर ओळखू न येण्याचे कारण त्याची असामान्य बुद्धिमत्ता नसून परिचित व्यक्तीच्या नावावर असलेला आपला विश्वास हे असते, असा यातून बोध होतो.

'आढळले नाही' या विधानाची चिकित्सा

विल्सन यांच्या संगणकाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर राष्ट्रीय तपास यंत्रणेची भूमिका अशी होती की, शासकीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या परीक्षणात घातक आज्ञावली आढळलेली नाही. शिवाय आर्सेनलचा अहवाल आरोपपत्राचा भाग नसून त्याचा विचार खटल्याच्या वेळीच होऊ शकतो. यांपैकी दुसरा मुद्दा प्रक्रियेचा आहे. पहिला मुद्दा ज्ञानमीमांसेचा आहे आणि त्याचीच चिकित्सा येथे प्रस्तुत आहे.

'आढळले नाही' आणि 'नव्हते' ही दोन विधाने समानार्थी नाहीत. पहिल्या विधानात शोधणारा, शोधण्याची पद्धत आणि शोधाची व्याप्ती हे तिन्ही घटक अध्याहृत असतात. ओळखखुणांच्या यादीने केलेल्या पाहणीत आढळले नाही, याचा अर्थ यादीतील काही आढळले नाही एवढाच. घोस्टनेटच्या दस्तऐवजाला ज्या २३ विषाणूरोधकांनी निर्दोष ठरवले, त्यांच्यापुरते 'आढळले नाही' हे विधान पूर्णतः सत्य होते. तरीही घातक आज्ञावली तेथे होतीच. प्रयोगशाळेला विचारलेला प्रश्न 'यात अमुक मजकुराच्या फाईली आहेत काय' असा असेल, तर 'त्या कोणत्या मार्गाने आल्या' या प्रश्नाचे उत्तर तिच्या अहवालात शोधणे व्यर्थ होय.

'आढळले' हे विधानही अर्थात पद्धतीशिवाय स्वीकारता येत नाही. दोन्ही विधानांना एकच कसोटी लावली पाहिजे : काय तपासले, कशाने तपासले, काय तपासले नाही आणि दुसऱ्याने तपासले तर तेच मिळेल काय. या चार प्रश्नांची उत्तरे न देणारा कोणताही अहवाल, मग तो शासकीय असो वा खाजगी, मत ठरतो. परीक्षण ठरत नाही.

कायद्याची भाषा

भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ६५-ब इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या ग्राह्यतेविषयी होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ ने घेतली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात असे स्पष्ट केले की, मूळ साधनच न्यायालयापुढे सादर होत नसेल तर विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या कायद्यातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात तज्ज्ञाने भरावयाचा भाग आणि हॅश मूल्याची नोंद यांची भर पडली आहे.

हॅश मूल्य हे फाईलच्या किंवा डिस्कच्या संपूर्ण आशयावरून गणिताने काढलेले लघुरूप असते. आशयात एका अक्षराचा फरक पडला तरी ते बदलते. जप्तीनंतर कोणी फेरफार केला नाही, याची ती खात्री देते. लाखेच्या मोहोरेसारखे तिचे कार्य आहे. मोहोर लागल्यानंतर पोतडी उघडली गेली नाही, हे ती सांगते; मोहोर लागण्यापूर्वी पोतडीत काय आणि कोणी घातले, याविषयी ती मौन पाळते. जप्तीपूर्वीच्या २२ महिन्यांविषयीचा प्रश्न हॅश मूल्याने सुटत नाही.

कायद्याच्या भाषेत मात्र एक उपयुक्त धागा आहे. जुन्या आणि नव्या दोन्ही कलमांत अशी अट आहे की, संबंधित काळात संगणक व्यवस्थित चालत असला पाहिजे. तसे नसल्यास त्या बिघाडाचा अभिलेखावर किंवा त्याच्या अचूकतेवर परिणाम झालेला नसला पाहिजे. ही अट लिहिताना यंत्राचा बिघाड अभिप्रेत असावा. परंतु ज्या संगणकावर मालकाखेरीज दुसऱ्याचे नियंत्रण आहे तो 'व्यवस्थित चालणारा' म्हणावा काय? यांत्रिकदृष्ट्या तो निर्दोष असतो. पडदा, कळफलक, मुद्रक सारे काम करत असते. तरीही त्याच्या आशयावर कायदेशीर ताबेदाराचे एकट्याचे नियंत्रण नसते. या शब्दप्रयोगाचा अर्थ 'बाह्य नियंत्रणापासून मुक्त' असाही घेतला गेला, तर प्रमाणपत्र देणाऱ्या तज्ज्ञावर हेर-आज्ञावलीचा शोध घेण्याचे आणि त्या शोधाची पद्धत नमूद करण्याचे उत्तरदायित्व येईल. तशी स्पष्ट तरतूद वा व्याख्या होणे ही काळाची गरज आहे.

२८ जुलै २०२३ रोजी व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने, इतरांकडून हस्तगत झालेल्या पत्रांचे पुरावामूल्य प्रथमदर्शनी दुर्बळ असल्याचे नोंदवले. तो निर्णय हेर-आज्ञावलीच्या प्रश्नावर आधारलेला नव्हता; पण एका संगणकातील मजकूर अनेकांच्या स्वातंत्र्यावर कसा परिणाम करतो, हे त्यातून दिसते. रोना विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला तो प्रदीर्घ कारावासाच्या कारणावरून. तोपर्यंत अटकेला साडेसहा वर्षे लोटली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. संगणकाच्या परीक्षणाचा प्रश्न खटल्यापर्यंत राखून ठेवण्याची किंमत या कालावधीने मोजावी लागते.

घरगुती वापरकर्त्याच्या दृष्टीने

उपरोक्त प्रकरण असामान्य असले तरी त्यातील प्रवेशमार्ग सर्वसामान्य आहे. परिचिताच्या खात्यावरून आलेला संदेश आणि त्यासोबतची फाईल हा तो मार्ग होय. भिवंडीतील कापड व्यापाऱ्याला रोज बिल, बिल्टी आणि चलन याच मार्गाने येते. अध्यापकाला परिपत्रक आणि शोधनिबंध याच मार्गाने येतात. म्हणून संदेश कोणाचा आहे यापेक्षा त्या व्यक्तीनेच तो पाठवला आहे काय, याची दूरध्वनीवरून खात्री करणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो. नित्याच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरणे, चोरट्या प्रतींच्या आज्ञावली टाळणे आणि प्रणाली अद्ययावत ठेवणे हे त्याला पूरक आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत तपासणीची विनामूल्य साधनेही उपलब्ध करून देण्यात आली.

संशय आल्यास क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम संगणक इंटरनेटपासून तोडावा. त्यानंतर त्याच संगणकाच्या साक्षीवर न विसंबता स्वच्छ बाह्य साधनावरून तो सुरू करून तपासावा. सर्वांत सामान्य चूक घाईने सारे पुसून प्रणाली नव्याने बसवण्याची असते. त्यामुळे हेर जातो, पण त्याच्या येण्याचा पुरावाही जातो. आर्थिक फसवणूक, धमकी किंवा वादाची शक्यता असेल तर हार्ड डिस्क तशीच बाजूला ठेवून, तिची प्रत काढून आणि हॅश मूल्य नोंदवून मगच पुढील उपाय करावा. संगणकाची जप्ती होतच असेल तर पंचनाम्यात हॅश मूल्याची नोंद होण्याचा आग्रह धरावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, हेही नागरिकास ज्ञात असावे.

समारोप

घरगुती संगणकातील हेर-आज्ञावलीचा शोध हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय नाही. संशयित प्रणालीची साक्ष स्वतंत्र साक्षीशी ताडून पाहणे हे त्याचे मूलतत्त्व असून ते इतिहासाच्या, विधिशास्त्राच्या आणि तर्कशास्त्राच्या अभ्यासकालाही परिचित आहे. एल्गार परिषद प्रकरणातील अहवालांचा अंतिम निवाडा काहीही होवो, त्यांनी एक प्रश्न कायमचा उभा केला आहे : फाईल सापडली हे सिद्ध झाल्यावर ती कोणी ठेवली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? यंत्राच्या मालकाने आपले निरपराधित्व सिद्ध करावे, अशी अपेक्षा धरल्यास ती सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेरची आहे; विदेशातील तज्ज्ञ संस्थेचे साहाय्य प्रत्येकाला मिळणारे नाही. म्हणून शासकीय प्रयोगशाळांच्या परीक्षणात बाह्य नियंत्रणाचा शोध हा नित्याचा भाग असावा, 'आढळले नाही' या विधानासोबत पद्धतीचा तपशील दिला जावा आणि बचाव पक्षाला हार्ड डिस्कची तंतोतंत प्रत विनाविलंब मिळावी. महाविद्यालयांनी इतिहासातील साधनचिकित्सा आणि संगणकातील न्यायवैद्यक परीक्षण हे विषय एकत्र शिकवण्याचा विचार केल्यास या प्रश्नाची जाण असलेली पिढी घडू शकेल. दप्तरात कागद सापडला म्हणून तो अस्सल ठरत नाही, हा धडा मराठी संशोधकांनी कागदाच्या बाबतीत फार पूर्वी गिरवला आहे. यंत्राच्या बाबतीत तो अद्याप गिरवावयाचा आहे.